मीटरवर शून्य आहे, पण सेन्सर जिवंत आहे का?

बंद जागेत (मॅनहोल, टाकी, खड्डा) उतरण्याच्या परमिटबद्दल, म्हणजे लेखी परवानगीबद्दल, मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं परमिटबद्दल नाहीत, तर छातीला अडकवायच्या गॅस डिटेक्टरबद्दल आहेत. मला त्याचं बरं वाटलं. माझं काम आयुष्यभर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ठाऊक प्रमाणाचा गॅस देऊन मीटरचा आकडा जुळवण्याच्या, टेबलाशी राहिलं. लोकांनी वापरून, आपटून, धुऊन, विसरून परत पाठवलेले मीटर उघडून बघायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. त्या टेबलावर जे दिसलं त्यातूनच ही उत्तरं देते आहे.

आमच्याकडे चार गॅसचे मीटर आहेत. दर सहा महिन्यांनी बाहेरून कॅलिब्रेशन होतं आणि सर्टिफिकेट फाइलला लागतं. रोज सकाळी मीटर चालू केला की एलईएल (ज्वलनशील गॅस, स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या टक्क्यांत) शून्य, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) शून्य, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) शून्य आणि ऑक्सिजन 20.9 टक्के दिसतो. मग रोज बंप टेस्ट कशाला? वरचे म्हणतात, सिलिंडर उगाच संपतो. (सुपरवायझर, सांडपाणी प्रक्रिया केंद्र)

तुम्ही लिहिलेल्या तीन शून्यांकडे पुन्हा एकदा बघा. हवेत गॅस नसेल तर चांगला सेन्सर शून्य दाखवतो. सेन्सर मेलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो. स्क्रीनवर या दोन शून्यांत काहीही फरक नसतो. फरक कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे सेन्सरला खरा गॅस दाखवायचा. बंप टेस्ट म्हणजे एवढंच.

ऑक्सिजन 20.9 दिसतो म्हणजे मीटर ठणठणीत आहे, असा समज मी अनेक ठिकाणी ऐकते. तो सोडून द्या. चार सेन्सरमध्ये ऑक्सिजनचा सेन्सर स्वभावाने वेगळा आहे. नेहमीचा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे शिशाचा एक छोटा सेल असतो. ऑक्सिजन मिळाला की तो करंट देतो, आणि शिसं संपत आलं की करंट पडतो. त्यामुळे तो म्हातारा झाला की आकडा खाली येतो आणि कमी ऑक्सिजनचा अलार्म वाजतो. म्हणजे जाताना तो ओरडून जातो. बाकीचे तिघे गप्प जातात. सीओ आणि एचटूएसच्या सेन्सरमध्ये ॲसिड असतं. कोरड्या, गरम हवेत ते सुकत जातं. एलईएलच्या सेन्सरमधला, ज्यावर गॅस जळतो तो बारीक मणी विषारी वाफांनी निकामी होतो. तिन्ही ठिकाणी निकाल एकच, शून्य.

टेबलावर आलेला एक मीटर मला अजून स्पष्ट आठवतो. सर्टिफिकेट ताजं होतं, बॅटरी भरलेली होती, स्क्रीनवर सगळं व्यवस्थित होतं. सेन्सरवर गॅस सोडायची टोपी लावून 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25 भाग) एचटूएसचा गॅस सोडला. आकडा 1 झाला, थोड्या वेळाने 2 झाला आणि तिथेच बसला. पुढचं झाकण काढलं तर जाळीमागच्या पांढऱ्या फिल्टरवर गाळाचा पातळ पापुद्रा वाळून घट्ट चिकटलेला. आत सेन्सर शाबूत होता, पण गॅस त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. हा मीटर रोज मॅनहोलच्या तोंडाशी जात होता, आणि रोज शून्य दाखवत होता. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट हे त्या दिवशी, त्या टेबलावर मीटर बरोबर होता एवढंच सांगतं. नंतर तो पडला का, भिजला का, रंगाच्या फवाऱ्यात सापडला का, हे कागदाला माहीत नसतं.

टेस्ट करायची ती अशी. मीटर मोकळ्या, स्वच्छ हवेत चालू करा आणि त्याला स्थिर होऊ द्या. स्वच्छ हवेची खात्री असेल तरच झिरो करा, म्हणजे ही हवा स्वच्छ धरून आकडे जुळवायला मीटरला सांगा. कॅलिब्रेशनची टोपी लावा. चार गॅससाठी सर्वसाधारणपणे वापरतात त्या सिलिंडरमध्ये मीथेन 2.5 टक्के, ऑक्सिजन 18 टक्के, सीओ 100 पीपीएम, एचटूएस 25 पीपीएम आणि बाकी नायट्रोजन असतो. पंप नसलेल्या मीटरला मिनिटाला अर्धा लिटर सोडणारा रेग्युलेटर लावा. पंपाच्या मीटरला मागणीनुसार गॅस देणारा रेग्युलेटर लागतो, नाहीतर पंप आणि रेग्युलेटर एकमेकांशी भांडत बसतात आणि आकडा भलताच येतो. गॅस सुरू केल्यावर साधारण अर्ध्या ते पाऊण मिनिटात चारही आकडे हलले पाहिजेत, अलार्म वाजला पाहिजे, दिवे लागले पाहिजेत आणि मीटर हातात थरथरला पाहिजे. गोंगाटाच्या जागी आवाज ऐकू येत नाही, म्हणून थरथर आणि दिवे आवर्जून तपासा.

आता सिलिंडरच्या खर्चाचं बोलू. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने पाऊण मिनिटाच्या टेस्टला पाव लिटरच्या वर, साधारण 0.375 लिटर गॅस जातो. 58 लिटरचा सिलिंडर घेतला तर त्यात दीडशेच्या आसपास टेस्ट बसतात. हा हिशेब वरच्यांपुढे ठेवा. सुरक्षा साधनं बनवणाऱ्यांची इंटरनॅशनल सेफ्टी इक्विपमेंट असोसिएशन ही संघटनाही दर दिवशी वापराआधी टेस्ट करा असंच सांगते.

टेस्टमध्ये आकडा सिलिंडरवरच्या लेबलपासून बराच दूर राहिला, किंवा फार हळू चढला, तर पूर्ण कॅलिब्रेशन करा. कॅलिब्रेशनही बसलं नाही तर सेन्सर बदला. तोपर्यंत तो मीटर कपाटात ठेवू नका. त्याच्यावर लाल चिठ्ठी चिकटवून तो वेगळ्या जागी ठेवा, कारण घाईच्या सकाळी कपाटातला मीटर कोणीतरी उचलतंच.

आमच्या साइटवर लायटर न पेटवता त्याचा गॅस मीटरसमोर सोडतात. अलार्म वाजला की मीटर पास. हे चालतं का?

नाही, आणि हे आजच बंद करा. लायटरमधला ब्युटेन सेन्सरवर पातळ न होता आदळतो. स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या कितीतरी पट जास्त गॅस एका झटक्यात बसतो, आतला मणी भलताच तापतो आणि त्याची संवेदनशीलता उतरू शकते. शिवाय एवढ्या माऱ्यावर अर्धमेला सेन्सरही ओरडतो. सकाळी त्याने ओरडून दाखवलं, पण दुपारी 10 टक्के एलईएलवर तो ओरडेल का, याचं उत्तर लायटर देत नाही. सीओ आणि एचटूएसबद्दल तर तो काहीच सांगत नाही. मीटरवर श्वास सोडून ऑक्सिजन खाली येतो का हे बघणारेही आहेत. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन 16-17 टक्के असतो, त्यामुळे आकडा खाली येतो खरा, पण तपासला जातो तो नेमका तोच सेन्सर, जो बिघडल्यावर स्वतःहून सांगतो.

एकाच सिलिंडरवर आमचा एक मीटर मीथेनचे 50 टक्के एलईएल दाखवतो, दुसऱ्या कंपनीचा 57. कोणता बिघडला?

बहुधा कोणताच नाही. मीथेनची स्फोटाची खालची मर्यादा काही मानकांत हवेच्या 5 टक्के धरली आहे, तर आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या मानकात 4.4 टक्के. सिलिंडरमधला 2.5 टक्के मीथेन पहिल्या हिशेबाने 50 टक्के एलईएल होतो आणि दुसऱ्या हिशेबाने 57. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही मीटर एकाच मर्यादेवर आणा. 4.4 वाला अलार्म आधी वाजतो, म्हणून मी असते तर दोन्ही त्यावर ठेवले असते.

हात सॅनिटायझरने पुसले की मीटरचा सीओचा अलार्म वाजतो. आणि नवीन लावलेला एलईएल सेन्सर थोड्याच दिवसांत बंप टेस्टमध्ये नापास झाला. मीटर आम्ही अगदी चकाचक ठेवतो, रोज पॉलिश स्प्रेने पुसतो. (स्टोअरकीपर)

तुमच्या पत्रातच दोन्ही उत्तरं आहेत.

पहिलं सोपं. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलच्या वाफेला सीओचा सेन्सर सीओच समजतो. एलईएलचा सेन्सरही तिला ज्वलनशील वाफ म्हणून मोजतो, आणि ती खरोखर ज्वलनशील आहेच. हात पूर्ण वाळू द्या, मगच मीटरला हात लावा. हायड्रोजनमुळेही सीओचा आकडा असाच वर जातो. त्यामुळे बॅटरी चार्जिंगच्या खोलीत सीओचा अलार्म वाजला आणि धूर कुठेच दिसत नसला, तर हायड्रोजनचा विचार आधी करा, कारण तिथे खरा धोका तोच असतो.

दुसरं गंभीर आहे. चमक आणणाऱ्या बऱ्याच पॉलिश स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. एलईएलच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये प्लॅटिनमच्या तारेवर उत्प्रेरकाचा एक बारीक मणी असतो. ज्वलनशील गॅस त्यावर ज्वाळेशिवाय जळतो, मणी तापतो, तारेचा रोध बदलतो आणि शेजारच्या निष्क्रिय मण्याशी तुलना करून आकडा निघतो. सिलिकॉनची वाफ त्या मण्यावर जळली की मागे वाळूसारखा सिलिकाचा थर उरतो, आणि मग गॅस उत्प्रेरकाला भेटतच नाही. हे विष उतरत नाही. सेन्सर बदलणं एवढाच उपाय राहतो. टायर पॉलिश, सिलिकॉन ग्रीस, गंज सोडवणारे काही स्प्रे, काही हँड क्रीम, सांधे भरायचं सिलिकॉन सीलंट, हे सगळं मीटरपासून लांब ठेवा. स्टोअरमध्ये एकाच कपाटात तर मुळीच नको.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो फार लोकांना ठाऊक नसतो. विषबाधा झालेला मणी सगळ्या गॅससाठी एकदम आंधळा होत नाही. मीथेन जाळायला सगळ्यात कठीण, म्हणून मीथेन ओळखण्याची ताकद सर्वांत आधी जाते. टेस्ट प्रोपेन किंवा पेंटेनच्या सिलिंडरने करत असाल, तर सेन्सर पास होईल आणि गटारातला मीथेन मात्र त्याला दिसणार नाही. जिथे मीथेनची शक्यता आहे तिथे टेस्टही मीथेननेच करा.

पुसायला साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं पुरे. जाळीवर फुंकणीने हवा मारू नका. फिल्टर मळला असेल तर घासून साफ करू नका, नवा बसवा. तो फार महागडा भाग नाही.

मॅनहोलमध्ये उतरण्याआधी आम्ही दोरीला मीटर बांधून खाली सोडतो आणि वर ओढून आकडे वाचतो. पंप आणि नळीचा मीटर घ्यावा का? नळी किती लांब, किती वेळ थांबायचं? (तुकडी प्रमुख)

पंप आणि नळी घ्याच. दोरीचा मीटर वर आल्यावर स्क्रीनवर वरचीच हवा दिसते. सर्वोच्च आकडा मेमरीत राहतो हे खरं, पण तो कोणत्या खोलीवर आला हे कळत नाही, आणि अलार्म खाली वाजून गेला तर वर ऐकू येईलच असं नाही.

थांबायच्या वेळेचा हिशेब स्वतः करता येतो. पंप मिनिटाला 300 मिलिलिटर ओढत असेल तर सेकंदाला 5 मिलिलिटर झाले. 3 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरभर लांबीला सुमारे 7 मिलिलिटर हवा मावते, म्हणजे मीटरमागे दीड सेकंद. तीच नळी 5 मिलिमीटरची असेल तर मीटरमागे चार सेकंद. म्हणून हाताला लागेल ती नळी लावू नका. 10 मीटरच्या जाड नळीत खालची हवा वर यायलाच 40 सेकंद लागतात, आणि त्यानंतर सेन्सरला आकडा स्थिर करायला वेळ हवा. नळीचा वेळ अधिक दोन मिनिटं, असं मी प्रत्येक पातळीवर थांबायला सांगते. तुमच्या मीटरच्या मॅन्युअलमध्ये याहून जास्त वेळ सांगितला असेल तर मॅन्युअलचं ऐका.

पातळ्या का, तर गॅस एकसारखे पसरलेले नसतात. मीथेन हवेपेक्षा हलका, तो झाकणाखाली जमतो. एचटूएस हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. सीओचं वजन हवेच्या जवळपास, तो कुठेही असू शकतो. झाकण उघडण्याआधी त्याच्या भोकातून एकदा मोजा. मग उघडून साधारण सव्वा मीटरच्या टप्प्याने खाली जा, तळापर्यंत. आधी ऑक्सिजन बघा, मग एलईएल, मग विषारी गॅस. ऑक्सिजन आधी अशासाठी की तो फार कमी असेल तर एलईएलच्या आकड्याला अर्थच राहत नाही. त्याबद्दल पुढच्या उत्तरात सांगते आहे.

नळीचं तोंड पाण्यात बुडलं तर पंप पाणी ओढतो, म्हणून टोकाला पाणी अडवणारा फिल्टर आणि शक्य असेल तर तरंगणारा गोळा लावा. सुरुवात करण्याआधी नळीचं टोक अंगठ्याने बंद करा. पंप अडखळून ब्लॉकचा अलार्म आला पाहिजे. तो आला नाही तर नळी कुठेतरी फुटलेली आहे, आणि तुम्ही खालच्या नव्हे तर तुमच्या पायाजवळच्या हवेचा आकडा वाचणार आहात.

खाली काम सुरू झालं की मीटर उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर हवा, नाका-तोंडापासून वीतभर अंतरावर, कॉलरजवळ. जॅकेटच्या आत नको, पँटच्या खिशात नको, आणि झाकणाशेजारी काठावर तर नकोच. गाळात पाऊल पडलं की अडकलेला एचटूएस एकदम सुटतो. उतरण्याआधी घेतलेला शून्य त्या क्षणी जुना झालेला असतो.

नाकावर विसंबू नका हे तुमच्या प्रत्येक माणसाला सांगा. एचटूएस 1 पीपीएमच्याही खाली कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण 100 पीपीएमच्या आसपास वासाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला असं माणसाला वाटतं, आणि तेव्हाच तो वाढलेला असतो. 700 ते 1000 पीपीएमला दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आणि वरचा माणूस धावत खाली उतरतो. निओश या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 मध्ये नोंदवलं होतं की बंद जागेतल्या मृत्यूंमध्ये 60 टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती. वरच्या माणसाचं काम खाली उतरणं नाही. ट्रायपॉड आणि विंचने माणसाला वर ओढणं हे त्याचं काम आहे, आणि ती सोय काम सुरू होण्याआधीच उभी हवी.

नायट्रोजनने पर्ज केलेल्या (नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर काढलेल्या) सॉल्व्हंट टाकीत एलईएल शून्य आला. परमिटवर तोच लिहिला. बरोबर आहे ना?

नाही. मण्यावर गॅस जळायला ऑक्सिजन लागतो, आणि तो साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेला की या सेन्सरचा आकडा विश्वासाचा राहत नाही. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत कितीही वाफ असली तरी मणी थंडच राहतो. उलट टोकालाही असंच होतं. गॅस खूप दाट झाला की आकडा झपाट्याने वर जातो आणि मग खाली येतो, कारण जाळायला हवाच उरत नाही. म्हणून चांगले मीटर एकदा मर्यादा ओलांडली की तसा संदेश धरून ठेवतात. तो दिसला तर बटण दाबून घालवू नका, आधी मोकळ्या हवेत या.

अशा टाकीसाठी इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर घ्या. तो प्रकाशाने मोजतो, त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि सिलिकॉनचं विषही बाधत नाही. मात्र त्याला हायड्रोजन दिसत नाही, हे कायम लक्षात ठेवा. सॉल्व्हंटबद्दल आणखी एक: मीथेनवर कॅलिब्रेट केलेला मीटर टोल्युइनसारख्या जड वाफांना निम्म्याच्या आसपास मोजतो. मॅन्युअलमधल्या कोष्टकातून त्या वाफेचा गुणक काढून आकडा गुणा, मगच परमिटवर लिहा.

किण्वनाच्या टाक्यांजवळ कार्बन डायऑक्साइड असतो. तो वाढला तर ऑक्सिजन कमी होणारच, मग चार गॅसचा मीटर पुरे ना?

हा प्रश्न सगळ्यांनी वाचावा अशी माझी इच्छा आहे, कारण यात ऐकायला पटणारं आणि जीव घेणारं एक गणित आहे.

हवेत बाहेरून एखादा गॅस मिसळला तर तो ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोघांनाही त्यांच्या प्रमाणात बाजूला सारतो. म्हणजे ऑक्सिजन 1 टक्का खाली यायला तो गॅस जवळजवळ 5 टक्के व्हावा लागतो. कार्बन डायऑक्साइडची जिवाला तात्काळ धोक्याची पातळी निओशने 40,000 पीपीएम, म्हणजे 4 टक्के ठरवली आहे. 4 टक्के मिसळल्यावर ऑक्सिजन किती? 20.9 गुणिले 0.96, म्हणजे 20.1. आणि तुमच्या मीटरचा कमी ऑक्सिजनचा अलार्म 19.5 ला वाजतो. तो वाजायला कार्बन डायऑक्साइड 6.7 टक्के व्हावा लागेल. माणूस त्याच्या खूप आधी घाबराघुबरा होऊन पडलेला असेल, आणि मीटर हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला असेल.

कार्बन डायऑक्साइड गुदमरवतो एवढंच नाही, तो स्वतः विषारी आहे. त्याच्यासाठी वेगळा इन्फ्रारेड सेन्सर असलेला मीटर हवा. आठ तासांच्या कामासाठी 5,000 पीपीएम ही मर्यादा धरतात. हा गॅस जड आहे, तो खड्ड्यांत आणि खालच्या मजल्यावर साचतो, तेव्हा मीटर तिथेही न्या.

याच गणितातून दुसरी सवय लावून घ्या. ऑक्सिजन 20.9 वरून 20.8 झाला तर वरवर काहीच घडलेलं नसतं. पण ती घट बाहेरून आलेल्या गॅसमुळे असेल तर तो जवळजवळ 4,800 पीपीएम आहे. सीओची तात्काळ धोक्याची पातळी 1,200 आहे. दशांशातला बदल दिसला की त्याचं कारण शोधा.

दमट खड्ड्यात ऑक्सिजन 20.2 दिसतो. तिथेच झिरो करून 20.9 वर आणला तर चालेल?

कारण कदाचित निरुपद्रवी असेल. 30 अंशांना हवा पूर्ण दमट असली की पाण्याची वाफच 4 टक्क्यांवर जागा घेते, आणि ऑक्सिजन 20.0 पर्यंत उतरतो. पण खड्ड्यात झिरो कधीच करू नका. झिरो करणं म्हणजे "ही हवा स्वच्छ आहे" असं मीटरला शिकवणं. त्या हवेत थोडा जरी सीओ असेल तर तो कायमचा वजा होतो, आणि मोकळ्या हवेत आल्यावर आकडा शून्याखाली जातो. स्क्रीनवर वजा आकडा दिसला तर पहिला संशय हाच घ्या: कोणीतरी चुकीच्या जागी झिरो केलाय.

अलार्म वाजतो, पण बघावं तर सगळे आकडे शून्य. मुलं म्हणतात मीटर येडा झालाय आणि बंद करून पुन्हा चालू करतात. (शिफ्ट इंजिनीअर)

मीटर येडा नाही. आकडा क्षणभर वर जाऊन खाली आला असेल, तर तो सर्वोच्च आकड्यांच्या पानावर सापडेल. दुसरी शक्यता अशी की हा अलार्म त्या क्षणाचा नसून साठलेल्या डोसचा आहे. विषारी गॅससाठी मीटर 15 मिनिटांची आणि 8 तासांची सरासरी धरत असतो. सकाळी एक तास सीओत काम झालं असेल तर दुपारी स्वच्छ हवेतही तो मर्यादा ओलांडल्याचं सांगू शकतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बंद-चालू केलं की ती बेरीज पुसली जाते. माणसाच्या रक्तातला सीओ मात्र पुसला जात नाही. तुमच्या मुलांना हे शब्दशः असंच सांगा.

क्रम ठरवून द्या. अलार्म वाजला की आधी बाहेर, मग स्क्रीन. कोणता अलार्म, किती आकडा, कुठे, कोणाच्या अंगावरचा मीटर, हे वहीत लिहा. मीटरची खरोखर शंका असेल तर बाहेर येऊन बंप टेस्ट करा. पास झाला तर त्याचं म्हणणं खरं धरा.

सुटीच्या काळात मीटर महिनाभर पडून राहतात. काही खास काळजी?

सेन्सरचं वय मीटर बंद असतानाही वाढतं, तेव्हा "वापरलाच नाही" म्हणून सेन्सरची मुदत पुढे ढकलू नका. सीओ आणि एचटूएसचे सेन्सर साधारण दोन-तीन वर्षं चालतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर ठेवू नका. चार्जिंग सुरक्षित, स्वच्छ जागीच करा, स्फोटाचा धोका असलेल्या भागात कधीच नाही. थंड खोलीतून एकदम दमट उकाड्यात नेल्यावर सेन्सरवर पाणी धरतं, म्हणून मीटरला थोडा वेळ बाहेरच्या हवेत रुळू द्या. दोन वर्षांचे, बॅटरी न बदलता येणारे एकाच गॅसचे मीटर असतील तर त्यांनाही बंप टेस्ट लागते. उरलेले महिने दाखवणारा आकडा म्हणजे सेन्सर चालू असल्याचा पुरावा नव्हे.

कॅलिब्रेशन सिलिंडरची तारीख संपली, पण आत बराच गॅस आहे. वापरू का?

दाबाचा काटा गॅस किती उरला ते सांगतो, कोणता उरला ते नाही. एचटूएस फार चंचल आहे. तो सिलिंडरच्या भिंतीशी आणि भलत्या नळीशी अभिक्रिया करून कमी होतो. लेबलवर 25 लिहिलेलं असतं आणि बाहेर 18 येतो. अशा गॅसवर कॅलिब्रेशन केलंत तर मीटर 18 ला 25 म्हणायला शिकेल, आणि पुढे प्रत्येक आकडा वाढवून सांगेल. बंप टेस्टला वापरलात तर चांगला सेन्सर नापास होईल आणि तुम्ही विनाकारण नवा विकत घ्याल. तारीख गेलेला सिलिंडर बाजूला काढा, रिकामा करताना मोकळ्या हवेत करा, आणि नवा मागवताना त्यासोबत एचटूएसला चालणारी नळीही मागवा. पुरवठादाराला नळीचं मटेरियल नावाने विचारा. नुसतं "चालेल" या उत्तरावर घेऊ नका.